डी-८ की डी-इन्फिनिटी? पंचगंगेच्या खोऱ्यापुरतं बोलू

उंचीच्या नकाशावरून पाणी कुठे वाहेल हे संगणकाने ठरवायच्या या दोन पद्धती. नकाशा चौकोनांत विभागलेला असतो आणि प्रत्येक चौकोनाला एक उंची असते. डी-८ (१९८४) प्रत्येक चौकोनातलं सगळं पाणी आठ शेजाऱ्यांपैकी सर्वांत तीव्र उताराच्या एकालाच देतं. डी-इन्फिनिटी (१९९७) कोणताही कोन मानतं आणि गरजेप्रमाणे पाणी दोन शेजाऱ्यांत वाटतं.

गगनबावड्याकडच्या डोंगरात मी बिनधास्त डी-८ वापरेन. तिथे पंचगंगेला मिळणाऱ्या कुंभी नदीचे ओढे घळीतूनच उतरतात, पाण्याला दुसरी वाट नसते. पाणलोटाची हद्द आखायलाही तेच सोपं. डोंगराच्या उघड्या, पसरट उतारावर मात्र डी-इन्फिनिटी सरस. डी-८ तिथे पट्टीने मारल्यासारख्या समांतर रेषा काढतं.

खरी पंचाईत खाली, सपाटीवरच्या शिरोळात. एसआरटीएममध्ये (अवकाशातून रडारने मोजलेल्या उंचीच्या नकाशात) उंची पूर्ण मीटरमध्ये असते, त्यामुळे नदीकाठच्या सपाट मळीत शेजारच्या कितीतरी चौकोनांची उंची एकच. उतारच नाही, तर दिशा कुठली? आधी नकाशातले खड्डे भरून, सपाटीला कृत्रिम कल द्यावा लागतो. मग नकाशात दिसतो तो निम्मा आपणच दिलेला उतार. (नकाशा देखणा येतो, म्हणून फसायला होतं.) शिवाय नरसोबावाडीला, म्हणजे संगमावर, कृष्णा फुगली की पंचगंगेचं पाणी तुंबून मागे चढतं. फक्त उतार पाहणाऱ्या या दोन्ही पद्धतींना ते दिसतच नाही. तिथे पाण्याच्या पातळीवर चालणारं द्विमितीय मॉडेलच हवं, उदाहरणार्थ एचईसी-रास हे नदीच्या प्रवाहाचं सॉफ्टवेअर.