कोव्हिसेल्फ घरगुती चाचणी किट: रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णासाठी कितपत कामाचं?

कोव्हिडची घरच्या घरी तपासणी करणारं हे किट वापरायला सोपं. नळी हलकेच आपटून द्रव तळाशी आणा, काडी दोन्ही नाकपुड्यांत 2 ते 4 सेंटिमीटर घालून पाचपाच वेळा फिरवा, ती नळीतल्या द्रवात बुडवा, त्या द्रवाचे 2 थेंब चाचणीपट्टीवर टाका, 15 मिनिटं थांबा. 20 मिनिटांनंतर उमटलेली रेघ धरू नका. साठवण 30 अंशांपर्यंतच. परभणी-नांदेडच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात पडून राहिलेल्या किटवर विसंबू नये.

लिम्फोमा, मायलोमा अशा रक्ताच्या कॅन्सरच्या रुग्णाला ताप-खोकला असून एकच रेघ (म्हणजे निगेटिव्ह) आली, तर प्रयोगशाळेतली आरटी-पीसीआर चाचणी त्याच दिवशी कराच. कारण निर्माट्रेल्व्हिर-रिटोनाव्हिर हे कोव्हिडवरचं औषध लक्षणं दिसल्यापासून 5 दिवसांत सुरू व्हावं लागतं. कॅन्सरवरचं इब्रुटिनिब किंवा व्हेनेटोक्लॅक्स चालू असेल तर आधी हिमॅटॉलॉजिस्टला (रक्तविकारतज्ज्ञाला) विचारा: रिटोनाव्हिरमुळे या कॅन्सरच्या औषधांचं रक्तातलं प्रमाण धोकादायक वाढतं.