ताठ (स्पास्टिक) पायासाठी बिजागरीचा एएफओ : पावसाळ्यापासून शिगम्यापर्यंतचा अनुभव

आमच्या सहा वर्षांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवरचा ताबा बिघडणे) आहे आणि तिची उजवी बाजू त्यामुळे बाधित आहे. पोटरीचे स्नायू सतत आखडलेले राहत असल्याने तिची उजवी टाच जमिनीला टेकत नसे व ती चवड्यावर चालत असे. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर पोटरीत बोटुलिनम टॉक्सिन या स्नायू सैल करणाऱ्या औषधाचे इंजेक्शन, मग काही आठवडे टप्प्याटप्प्याने बदललेली प्लास्टरे आणि शेवटी घोट्यापाशी बिजागरी असलेला पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचा एएफओ, म्हणजे पोटरीपासून तळव्यापर्यंत घोटा आणि पाऊल धरून ठेवणारा आधार, असा क्रम ठरला. तो एएफओ ती तेव्हापासून दिवसा वापरते.

बिजागरी प्रत्येक मुलाला चालत नाही, हे आधी सांगायला हवे. डॉक्टरांनी तिचा गुडघा वाकवून आणि नंतर सरळ ठेवून, अशा दोन्ही स्थितींत पाऊल वर दुमडून पाहिले. वाकवलेल्या गुडघ्यात पाऊल सहज वर येत होते, सरळ गुडघ्यात मात्र काटकोनापर्यंतही पोहोचत नव्हते. म्हणजे गुडघ्याच्या वरून निघणारा गॅस्ट्रोक्नेमियस हा स्नायू ताठ होता, खालचा सोलियस बऱ्यापैकी मोकळा होता. अशा पायाला थेट बिजागरी दिली, तर घोट्याऐवजी पाऊल मध्येच वाकते आणि तळव्याची कमान बसते. प्लास्टरनंतर सरळ गुडघ्यातही पाऊल काटकोनाच्या पुढे येऊ लागले, म्हणूनच आम्हाला बिजागरी मिळाली. एरवी न वाकणारा अख्खा एएफओच दिला असता.

फायदा चालण्यात लगेच दिसला. पाऊल खाली जाऊ न देणाऱ्या, बिजागरीमागच्या अडथळ्यामुळे ते खाली लोंबत नाही, टाच आधी टेकते आणि चवडा अडखळून पडणे बरेच कमी झाले. घोटा पुढे वाकू शकत असल्यामुळे जमिनीवरून उठणे आणि पायऱ्या चढणे तिला सोपे जाते. जिथे जेवणापासून आरतीपर्यंत सारे जमिनीवर बसूनच होते, अशा आमच्या डिचोलीच्या घरात ही गोष्ट लहान नाही.

त्रास झाला तो मुख्यतः गोव्याच्या हवेचा. पावसाळ्यात प्लास्टिकच्या आत घाम साचतो. गुडघ्यापर्यंतचे सुती मोजे दुपारी बदलावे लागतात आणि ते लवकर वाळतही नाहीत. घोट्याच्या आतल्या हाडावर लाल वण उठू लागला. एएफओ काढल्यावर अर्ध्या तासात लाली गेली नाही तर तो दाब समजावा, असे फिजिओथेरपिस्टने सांगितले होते. बनवणाऱ्याने त्या जागी प्लास्टिक तापवून बाहेर फुगवले आणि वण थांबला; मात्र त्यासाठी त्याला दोनदा गळ घालावी लागली, ‘सवय होईल’ हे त्याचे उत्तर मला मुळीच पटले नाही. शिवाय घरातल्या गुळगुळीत फरशीवर नुसता एएफओ घसरतो, म्हणून घरात वापरायला वेगळे बूट घेतले. आजीने ते देवघरातही चालवून घेतले, हा तिचा मोठेपणा.

इंजेक्शनचा परिणाम साधारण तीन महिने टिकतो. चवथीच्या सुमारास पोटरी पुन्हा कडक लागू लागली, तेव्हा एएफओचे खरे काम कळले: मिळवलेली लांबी तो राखतो, ताठरपणा घालवत नाही. त्यामुळे रात्री गुडघा सरळ ठेवून पोटरी ताणण्याचा व्यायाम चुकवून चालत नाही. मेंदूची इजा वाढत नसली तरी हाड वाढते आणि ताठ स्नायू त्या वेगाने लांबत नाही, त्यामुळे ही ओढाताण वाढीच्या वयात चालूच राहते.

नातेवाईक मात्र ‘एकदाची शीर कापून मोकळे व्हा’ असे सांगत असतात. टाचेची कंडरा लांबवण्याची शस्त्रक्रिया आहे, पण फार लहान वयात केली तर पोटरी पुन्हा आखडण्याचा संभव अधिक असतो, आणि दोन्ही पाय बाधित असलेल्या मुलांत कंडरा जास्त लांबवली गेली तर मूल गुडघे वाकवून चालू लागते. वेळ कोणती, हे डॉक्टरांनी ठरवावे.

एकूण मी समाधानी आहे, पण घेणाऱ्यांनी दोन गोष्टी बघाव्यात. एएफओ घालून पायात बसतील असे, आतला सुखतळा निघणारे बूट आधी शोधा. आणि बोटे पुढच्या कडेबाहेर येऊ लागली की नवा करताना कारागीर जुन्या साच्यावर भागवू म्हणाला, तरी पायाचे ताजे प्लास्टर-माप घ्यायला लावा. आमचे या आठवड्यात घ्यायचे आहे.