निहोनबाशीचं मित्सुकोशी: दहा महिन्यांच्या फेऱ्यांनंतर

तोक्योत निशी-कासाईला राहायला येऊन दहा महिने झाले. तोझाई लाइनच्या मेट्रोने निहोनबाशीला उतरायचं, पूल ओलांडायचा, की पाच-सात मिनिटांत मित्सुकोशी या डिपार्टमेंट स्टोअरची जुनी इमारत. सुरुवातीला मी दारातूनच परतायचे. एवढ्या भारी दुकानात हजार-दोन हजार येनची खरेदी करायला कसं शिरायचं, असा संकोच वाटायचा. आता महिन्यातून दोनदा तरी जाते आणि खरेदी बहुतेक वेळा लहानच असते. तोच संकोच असणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

हे दुकान मुळात कापडाचं. १६७३ साली, म्हणजे शिवरायांच्या राज्याभिषेकाच्या आदल्या वर्षी, मित्सुई ताकातोशी यांनी एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, ‘एचिगोया’ या नावाने ते काढलं. तेव्हा कापडवाले बड्या घरी माल घेऊन जात, उधारीवर देत आणि व्याज धरून भाव सांगत. इथे मात्र रोख पैसे, सगळ्यांना एकच भाव आणि हवं तेवढंच कापड कापून मिळे. वसंतात आई सांगलीहून आली होती, तिला हे सांगितलं तर म्हणाली, “म्हणजे खण फाडून देणारा दुकानदारच की गं!”

आईने एकच रुमाल घेतला. काउंटरवरच्या बाईंनी त्याचा डबा कागदावर तिरका ठेवला आणि फिरवत नेला. डबा फिरेल तशी कागदाची कड आत दुमडत गेली आणि शेवटी एकच चिकटपट्टी लागली. मग काउंटरला वळसा घालून त्या बाहेर आल्या आणि दोन्ही हातांनी पिशवी आईच्या हातात दिली. शेजारी मोठी खरेदी चालली होती, पण आमच्या रुमालाची घाई कुणी केली नाही. त्या पांढऱ्या कागदावरचे लाल आकार चित्रकार इनोकुमा गेन्इचिरो यांनी १९५० साली काढले, समुद्राने झिजवलेल्या दगडांवरून. त्यावरची अक्षरं तेव्हा तिथेच नोकरीला असलेल्या यानासे ताकाशी यांची. पुढे ‘आनपानमान’ ही मुलांची चित्रकथा काढणारे ते हेच, हे कळल्यावर माझ्या मुलाने तो कागद स्वतःच्या कपाटात ठेवला.

दारातले काशाचे दोन सिंह १९१४ चे, लंडनच्या ट्रफाल्गर चौकातल्या सिंहांवरून घडवलेले. कुणी बघत नसताना पाठीवर बसलं तर मनातली इच्छा पुरी होते म्हणतात. आत मधल्या चौकात सुमारे ११ मीटर उंचीची अप्सरेची मूर्ती आहे, ‘मागोकोरो’ नावाची. खरं सांगते, तिचे रंग आणि नक्षी मला अजूनही अंगावर येतात. पण वीकेंडला १९३० चा पाइप ऑर्गन वाजू लागला की मी जिन्याशी उभी राहतेच. गच्चीवर बाग आहे आणि मिमेगुरी देवस्थानही. मुलांना घेऊन टेकायला उत्तम जागा.

तळघरातल्या खाऊच्या दालनाबद्दल शाकाहारी मंडळींसाठी थोडं सविस्तर. जपानमध्ये बऱ्याचदा भाजीतही माशाचं ‘दाशी’, म्हणजे सार, असतं आणि जेलीत जनावराचं जिलेटिन. अ‍ॅलर्जीच्या तक्त्यावरून हे सगळं कळेलच असं नाही, म्हणून पदार्थात काय काय घातलंय ते विचारा. अझुकी डाळीचं, समुद्री शेवाळाच्या ‘कांतेन’ने घट्ट केलेलं योकान हे गोड आमच्याकडे सगळ्यांना चालतं. विचारताना लाजू नका, मी आजवर दहा-बारा वेळा विचारलंय आणि दर वेळी शांतपणे उत्तर मिळालंय.

भाव चढेच आहेत. रोजच्या किराण्यासाठी इथे जाऊ नका. पर्यटकांची करसवलत आपल्यासारख्या इथे राहणाऱ्यांना मिळत नाही, पाहुण्यांनी मात्र पासपोर्ट जवळ ठेवावा. पहिल्यांदा जाणार असाल तर दहाला पाच मिनिटं कमी असताना सिंहांपाशी उभे राहा. दार उघडल्यावर दोन्ही बाजूंचे कर्मचारी वाकून स्वागत करतात. आईने तिथे हात जोडले होते, आणि समोरच्या बाई परत एकदा, आणखी खाली वाकल्या.