३ लिटरची नळीवाली पाण्याची पिशवी: फिनिक्सच्या टेकड्या ते हवासूची दरी

अ‍ॅरिझोनात ग्रँड कॅन्यनच्या एका फाट्यात असलेल्या हवासू धबधब्यांचं परमिट मिळालं आणि तयारीची पहिली खरेदी केली ती हीच. हिवाळाभर फिनिक्समधल्या कॅमलबॅक आणि साउथ माउंटन या टेकड्या हिला काठोकाठ भरून चढलो, एप्रिलमध्ये खऱ्या दरीत नेली.

दरीच्या काठावर जिथून वाट सुरू होते त्या हुआलापाई हिलटॉपपासून खाली दरीतलं सुपाई गाव ८ मैल, कँपग्राउंड त्यापुढे २. गाव येईपर्यंत वाटेत पाणी नाही. पहिल्या मैलाभरातच हजारेक फूट उतार, म्हणजे परतताना तीच नागमोडी चढण अगदी शेवटी, पाय बोलायला लागल्यावर. सह्याद्रीत गड आधी चढतो, उतरताना सुटतो. इथे सगळं उलटं, त्यामुळे पाणीही परतीसाठी राखावं लागतं. आणि पिशवीची खोड नेमकी इथेच आहे: ती सॅकच्या आत, किती उरलं ते कळतच नाही. म्हणून बाजूच्या कप्प्यात ओआरएसची १ लिटरची बाटली वेगळी ठेवायची. नळी कोरडी पडली की एवढंच उरलं, हे समजतं.

उन्हात नळीतलं पाणी चहासारखं तापतं. घोट झाला की फुंकून ते परत पिशवीत ढकलायचं, पुढचा घोट बरा लागतो.

पैसे वसूल झाले मूनी धबधब्यापाशी. जवळजवळ २०० फुटांचा उतार: आधी खडकातले बोगदे, मग साखळ्या, खाली तुषारांनी निसरड्या झालेल्या शिड्या. दोन्ही हात गुंतलेले. बाटली हातात घेऊन उतरणारेही दिसले, कसे ते त्यांनाच ठाऊक.

कँपग्राउंडवर फर्न स्प्रिंगचा झरा आहे, पिशवीचं तोंड रुंद असल्याने पटकन भरते. ओढ्याचं निळंहिरवं पाणी दिसायला कितीही सुंदर असलं (त्यात चुना विरघळलेला असतो), तरी शुद्ध केल्याशिवाय पिऊ नका.

तक्रारी दोन. सुरुवातीचा प्लास्टिकचा वास खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने गेला, पण वेळ लागला. आणि तोटीचं रबर सैल होऊन थेंब थेंब गळायला लागलं. सुटी तोटी मिळते, निघण्यापूर्वी बदलून घ्या, तिथे दुकानात शोधत बसू नका. सरबत पिशवीत कधीच भरू नये, नळीत बुरशी धरते. वापर नसेल तेव्हा मी ती रिकामी करून फ्रीजरमध्ये टाकतो.

२ लिटरची स्वस्त पडते. कॅमलबॅकपुरती चालेल, हवासूला नको.