कॅम्पसच्या सुरक्षेसाठी आधी काय घ्यावं: एसएमएस की अ‍ॅप?

सुरक्षा समितीच्या बैठकीत बहुतेक वेळा अ‍ॅपचंच सादरीकरण होतं. नकाशा, लाल बटण, रंगीत डॅशबोर्ड पाहून सगळ्यांना ते पटतंही. माझं मत वेगळं आहे. पैसा आणि माणसं मोजकी असतील तर आधी एसएमएसची व्यवस्था पक्की करा, अ‍ॅपचं नंतर बघा.

धोक्याची सूचना सगळ्यांपर्यंत पोहोचवण्यात एसएमएस सरस ठरतो. तो साध्या फोनवरही येतो, इंटरनेट लागत नाही, काही इन्स्टॉल करावं लागत नाही. अ‍ॅपची सूचना गूगल किंवा अ‍ॅपलच्या सर्व्हरवरून येते. डेटा बंद असला किंवा नोटिफिकेशन बंद ठेवलेली असली, तर ती वेळेवर दिसत नाही. मुळात अ‍ॅप किती जण ठेवतात, हा प्रश्न आहेच.

एसएमएसच्याही अडचणी आहेत. हजारो संदेश एकदम सोडले की रांग लागते. विद्यार्थ्यांचे नंबर बदलतात, म्हणून यादी दर सत्राला तपासावी लागते. शिवाय देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० चिन्हंच मावतात आणि काना, मात्रा, वेलांटीही वेगळी मोजली जाते. ‘रसायन इमारतीत आग. इमारत रिकामी करा. लिफ्ट नको. मुख्य मैदानावर जमा.’ एवढं त्यात बसतं. असे मजकूर आधीच लिहून ठेवा. घाईत नेमकं लिहिणं कोणालाच जमत नाही.

फोन सायलेंट असेल तर एसएमएस कळत नाही. आयफोनवर सायलेंट असतानाही वाजणारी सूचना अ‍ॅपला देता येते, पण त्यासाठी अ‍ॅपलची खास परवानगी लागते. ती मिळाली आहे का, हे विक्रेत्याला जरूर विचारा. टॉवरवरून थेट येणाऱ्या सेल ब्रॉडकास्टला नंबरही लागत नाही, मात्र तो सहसा सरकारी यंत्रणांच्या हाती असतो.

मदत मागणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर अ‍ॅप पुढे आहे. बोलता येत नसेल तरी बटण दाबलं की ठिकाण कळतं. उघड्यावर जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत अचूक असतं. इमारतीत मात्र ते भरकटतं आणि मजला तर बहुधा कळतच नाही. तळमजला की चौथा मजला, हे शोधण्यात सुरक्षारक्षकाची मोलाची मिनिटं जातात. त्यामुळे कॅम्पसच्या वायफायवरून खोलीचा अंदाज देणारं अ‍ॅप असेल तरच विचार करा. ठिकाणाची नोंद बटण दाबल्यावरच व्हावी. एरवीही पाळत राहते असं वाटलं, तर विद्यार्थी अ‍ॅप काढून टाकतील, आणि त्यात त्यांचं काही चुकणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. १६ एप्रिल २००७ रोजी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेकमध्ये पहिला गोळीबार सकाळी सव्वासातच्या सुमारास झाला. कॅम्पसला पहिला ईमेल गेला ९:२६ वाजता. त्यानंतर काही मिनिटांतच दुसऱ्या इमारतीत हत्याकांड सुरू झालं. त्या दिवशी ३२ जणांचा बळी गेला. ते दोन तास यंत्राने घेतले नव्हते. काय कळवायचं आणि केव्हा, हे ठरवण्यात ते गेले. म्हणून रात्रपाळीच्या सुरक्षा अधिकाऱ्याला कोणाचीही सही न घेता संदेश सोडण्याचा अधिकार लेखी द्या.

करार करण्याआधी चाचणीही मागा: भर वर्गाच्या वेळी, सगळ्या नंबरांवर, तळघरातल्या प्रयोगशाळेसकट. पहिला नव्हे, शेवटचा फोन किती मिनिटांनी वाजला ते मोजा.