आयरिश पूर्वजाचा माग: मोफत आणि सशुल्क नोंदी काही महिने वापरल्यानंतर

निकाल आधीच सांगून टाकू. आयरिश पूर्वज शोधायला लागणाऱ्या बहुतेक नोंदी घरबसल्या, फुकट आणि मूळ पानाच्या छायाचित्रासह मिळतात. तरीही शोध अडतो, कारण या नोंदींचा उपयोग गाव माहीत असलेल्यालाच होतो. आयर्लंडमध्ये साठ हजारांहून जास्त टाउनलँड आहेत. टाउनलँड म्हणजे स्वतःचं नाव असलेला जमिनीचा सर्वांत लहान तुकडा. त्यावर कधी चार घरं असतात, कधी एकही नसतं. हे नाव हाती नसेल तर टिपेरारी परगण्यात एकाच नावाचे इतके रायन निघतात की त्यातला आपला कोणता हे ठरवता येत नाही. सशुल्क साइटची वर्गणी भरूनही हा प्रश्न सुटत नाही. म्हणून आधी भारतातल्या नोंदी, मग लष्कराच्या, आणि आयर्लंडच्या सर्वांत शेवटी, हाच क्रम धरा.

पुणे, देवळाली, कुलाबा इथल्या अँग्लो-इंडियन घरांत 'आमचे पणजोबा कॉर्कचे' असं हमखास ऐकू येतं. या कॉर्कवर लगेच विश्वास ठेवू नये. कॉर्क हे पलटणी जहाजावर चढण्याचं बंदर होतं, आणि जिथून जहाज सुटलं तेच पुढे घराण्यात मूळगाव होऊन बसतं. पक्कं काही हवं असेल तर ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिस रेकॉर्ड्सची 'एन' मालिका पाहायची. चर्चकडून आलेल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफन नोंदींच्या प्रती तिथे आहेत. मुंबई इलाख्याचा भाग एन/३, काळ १७०९ ते १९४८. प्रतिमा फाइंडमायपास्टवर पैसे देऊन मिळतात, पण फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटीची, म्हणजे 'फिबिस'ची सूची मोफत आहे. सुरुवात तिथूनच करा. विवाहाच्या नोंदीत हुद्दा, पलटण आणि नंतरच्या काळात वडिलांचं नाव मिळतं. जन्मगावाची अपेक्षा ठेवू नका. या मालिकेची मोठी उणीव म्हणजे कॅथलिक नोंदी अपुऱ्या आहेत, आणि आयरिश शिपाई बहुधा कॅथलिकच. नाव मिळालं नाही तर त्या त्या छावणीच्या कॅथलिक चर्चकडे लेखी चौकशी करावी. पुण्याचं सेंट पॅट्रिक्स तर आयरिश सैनिकांसाठीच उभं राहिलेलं आहे.

पलटणीचं नाव मिळालं की खरं काम सुरू होतं, आणि इथेच लोक घाई करतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई युरोपियन पलटणी १८५७ नंतर राणीच्या सैन्यात गेल्या. पहिली १०३ वी फूट झाली आणि १८८१ मध्ये रॉयल डब्लिन फ्युजिलियर्समध्ये विलीन झाली. तिसरी १०९ वी झाली आणि लेन्स्टर रेजिमेंटमध्ये गेली. दुसरी मात्र १०६ वी होऊन डरहॅम लाइट इन्फंट्रीत, म्हणजे इंग्लंडकडे गेली. त्यामुळे नावात डब्लिन आहे म्हणून शिपाई आयरिश ठरत नाही, आणि डरहॅम आहे म्हणून इंग्रजही ठरत नाही. १८५७ च्या आधी भरती झालेल्याची नोंद लंडनमध्ये कंपनीच्या लष्करी कागदांत (एल/एमआयएल) शोधावी लागते, राणीच्या पलटणीतल्याची क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्हजमध्ये.

तिथली डब्ल्यूओ ९७ (डब्ल्यूओ म्हणजे वॉर ऑफिस, युद्धखातं) ही मालिका सगळ्यात कामाची. पेन्शनवर निघालेल्या शिपायाचा भरतीचा कागद त्यात असतो आणि त्यावर एक ठरावीक वाक्य येतं: अमुक पॅरिशमध्ये (म्हणजे एका चर्चच्या हद्दीत), अमुक शहरात किंवा त्याच्या जवळ, अमुक परगण्यात जन्म. यातलं 'शहराजवळ' हे मधलं टोक सोडू नका. किलमोर नावाचे पॅरिश आर्मा, वेक्सफर्ड, रॉसकॉमन अशा कितीतरी परगण्यांत आहेत, त्यातला आपला कोणता हे जवळच्या बाजारगावावरूनच ठरतं. सेवेत असतानाच मेलेल्यांचे कागद डब्ल्यूओ ९७ मध्ये नसतात. पैसे भरून नोकरीतून सुटलेलेही १८८३ च्या आधीच्या काळात तिथे सापडत नाहीत. अशांसाठी डब्ल्यूओ १२ ची हजेरीपत्रकं आहेत. त्या तिमाहीत कमी झालेल्या माणसांच्या यादीत जन्मगाव आणि मूळ धंदा लिहिलेला असतो. ही पत्रकं बहुतांश ऑनलाइन नाहीत. क्यूला स्वतः जा, नाहीतर तिथल्या संशोधकाला काम द्या. पैसे खर्च करायचेच असतील तर ते इथे करावेत, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कारकुनाने गावाचं नाव कानाने ऐकून लिहिलेलं असतं, तेही बहुधा अपरिचित उच्चारातलं. ते नाव जसंच्या तसं शोधलं तर काहीच मिळत नाही. लॉगेनम डॉट आयई या सरकारी स्थलनाम कोशात त्याच परगण्याची यादी उघडा आणि मोठ्याने वाचा. कान जे पकडतो ते शोधयंत्र पकडत नाही.

गाव मिळालं की आयर्लंडकडे वळायचं. पहिली साइट आयरिशजीनियॉलॉजी डॉट आयई, सरकारी आणि पूर्ण मोफत. जन्म, मृत्यू आणि सगळ्या विवाहांची सक्तीची नोंदणी १ जानेवारी १८६४ पासून सुरू झाली. कॅथलिक सोडून इतरांचे विवाह १ एप्रिल १८४५ पासून नोंदले गेले. साइटवर शंभर वर्षांपूर्वीचे जन्म, पंचाहत्तर वर्षांपूर्वीचे विवाह आणि पन्नास वर्षांपूर्वीचे मृत्यू पाहता येतात. उत्तरेकडच्या सहा परगण्यांच्या नोंदी १९२१ पर्यंतच आहेत, पुढच्या बेलफास्टच्या नोंदणी कार्यालयाच्या साइटवर विकत घ्याव्या लागतात. नोंदणी जिल्हा हा पुअर लॉ युनियनवर, म्हणजे गरिबांच्या मदतीसाठी आखलेल्या विभागावर बेतलेला असतो आणि तो परगण्याची हद्द ओलांडतो. त्यामुळे आपलं गाव शेजारच्या परगण्याच्या नावाखाली सापडलं तर चुकलं असं समजू नका.

आता इथे नवखा माणूस चक्रावतो: १८५४ मध्ये भरती झालेल्या शिपायाचा जन्म या नोंदणीत असणारच नाही. मग साइटचा उपयोग काय? उपयोग गावात राहिलेल्या भावंडांसाठी. भावाचा १८६४ नंतरचा विवाह सापडला तर त्यावर वडिलांचं नाव आणि धंदा असतो, आणि ते नाव मुंबईतल्या विवाहनोंदीशी जुळवता येतं. मृत्यूच्या दाखल्यावर आईवडिलांची नावं नसतात, पण खबर देणाऱ्याचं नाव असतं. तेच जास्त बोलकं. जन्मतारखांवर फार भिस्त नको. मुदत उलटल्यावर दंड पडे, म्हणून आईबाप तारीख पुढे ढकलून सांगत. बाप्तिस्मा जन्माच्या आधी झालेला दिसला तर चर्चची तारीख खरी धरावी.

जनगणनेची गोष्ट कडू आहे. १८६१ आणि १८७१ चे तक्ते सरकारनेच नष्ट केले, १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धात लगद्यात गेले. १८२१ ते १८५१ चे बहुतेक सगळे ३० जून १९२२ ला डब्लिनच्या फोर कोर्ट्समधल्या सरकारी दफ्तरखान्याच्या आगीत जळाले. पूर्ण उरल्या त्या १९०१ आणि १९११ च्या, दोन्ही आयर्लंडच्या नॅशनल आर्काइव्हजवर मोफत. जन्मस्थानाच्या रकान्यात बहुधा फक्त परगणा असतो, त्यामुळे मूळगाव इथून मिळत नाही. मात्र १९११ च्या तक्त्यात विवाहित बाईला लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली आणि हयात किती हे विचारलेलं आहे. १९०१ मध्ये ५६ वर्षांचा माणूस १९११ मध्ये ७० चा होतो, याला कारण पेन्शन. १९०८ च्या कायद्याने सत्तरी गाठलेल्यांना १९०९ पासून पेन्शन सुरू झाली आणि गावोगावी म्हातारे अचानक वाढले. याचा एक फायदा आपल्याला होतो. वय सिद्ध करायला लोकांनी १८४१ आणि १८५१ च्या तक्त्यांतून उतारे मागवले होते, आणि त्या अर्जांच्या चिठ्ठ्या आगीतून वाचल्या. त्यात टाउनलँड आणि आईवडील दोघांचीही नावं असतात. त्याही नॅशनल आर्काइव्हजवर मोफत आहेत, आणि हे फार कमी जणांना ठाऊक असतं. काही कुटुंबांनी १९११ चा तक्ता आयरिश भाषेत भरला. अशी घरं इंग्रजी आडनावाने सापडत नाहीत, टाउनलँड निवडून घर-घर पाहावी लागतात.

कॅथलिक पॅरिशच्या वह्या डब्लिनच्या नॅशनल लायब्ररीने २०१५ मध्ये खुल्या केल्या, साधारण १८८० पर्यंतच्या. सगळी सूक्ष्मपटाची काळी-पांढरी पानं आहेत आणि त्या साइटवर नावाने शोध नाही. पॅरिश, वर्ष, महिना निवडून पान उलटायचं. पूर्वेकडच्या शहरांत वह्या अठराव्या शतकापासून आहेत, पश्चिमेला कित्येक पॅरिशमध्ये १८२० नंतर, काही ठिकाणी त्याहूनही उशिरा सुरू होतात. आधी वही कोणत्या वर्षी सुरू होते ते बघावं. नाहीतर नसलेल्या पानात माणूस शोधला जातो. नावं लॅटिनमध्ये असतात: जेकोबस म्हणजे जेम्स, गुलिएल्मस म्हणजे विल्यम. होनोरा पुढे नोरा होते किंवा हॅना. केरी-कॉर्ककडे जेरेमाया, डार्बी आणि डर्मट हा एकच माणूस असू शकतो. आडनावाचा 'ओ' कुणी गाळला, कुणी पुन्हा लावला, म्हणून सलिव्हन आणि ओ'सलिव्हन दोन्ही तपासा. बाप्तिस्म्यात आईचं माहेरचं आडनाव असतं आणि दोन साक्षीदार असतात. साक्षीदार बहुधा मामा-काका किंवा मावशी-आत्या. एकाच जोडप्याच्या सगळ्या मुलांचे साक्षीदार एका कागदावर मांडले की कुटुंबाचा बाकीचा गोतावळा समोर येतो. लग्न बहुधा मुलीच्या पॅरिशमध्ये लागतं, आणि लेंटच्या उपवासकाळात लागत नाही. म्हणून विवाह शोधताना त्याआधीचे काही आठवडे पहिल्यांदा उघडा.

जनगणना नाही तिथे ग्रिफिथ्स व्हॅल्युएशन, म्हणजे जमिनीच्या आकारणीची यादी, १८४७ ते १८६४ मध्ये छापलेलं, आस्कअबाउटआयर्लंडवर मोफत. सातबारा वाचायची सवय असेल तर हे सोपं जातं: कब्जेदार कोण, जमीन कुणाकडून घेतली, क्षेत्र आणि आकारणी. बायका-मुलांची नावं मात्र नाहीत, आणि भूमिहीन मजूर बरेचदा गायब असतात. नावापुढे कंसात दुसरं नाव असेल, जसं जॉन रायन (पॅट), तर तो बहुधा बापाचं नाव दाखवतो. एकाच नावाचे दोघे गावात होते याचा तो पुरावा. नकाशावरचे क्रमांक जुळले नाहीत तर घाबरू नका, काही नकाशे नंतरच्या दुरुस्त आवृत्तीचे आहेत. त्याआधीची टाइद अप्लॉटमेंट बुक्स, म्हणजे चर्चच्या दशमांश कराच्या वह्या, १८२३ ते १८३७, नॅशनल आर्काइव्हजवर आहेत, पण शहरं त्यात नाहीत. दोन्ही यादींत तेच आडनाव त्याच टाउनलँडवर दिसलं तर १८४० च्या दशकातल्या मोठ्या दुष्काळाच्या आधीपासूनचं घर सापडलं असं म्हणायला हरकत नाही. बापाचं नाव जुळेपर्यंत घर आपलं मात्र म्हणू नये.

उत्तरेकडचा पूर्वज असेल तर बेलफास्टचं प्रोनी, म्हणजे तिथलं सरकारी अभिलेखागार. प्रेस्बिटेरियन नोंदी आणि ग्रिफिथनंतरच्या दुरुस्ती-वह्या तिथे मोफत पाहता येतात. चर्च ऑफ आयर्लंडच्या, म्हणजे तिथल्या अँग्लिकन चर्चच्या वह्या मात्र निम्म्याहून जास्त १९२२ मध्ये गेल्या. जळालेल्या कागदांच्या इतरत्र उरलेल्या प्रती गोळा करणारी व्हर्च्युअल रेकॉर्ड ट्रेझरी २०२२ मध्ये सुरू झाली. साइट सुंदर आहे, मोफत आहे, पण सामान्य शेतकरी कुटुंबासाठी ती पहिली नव्हे, शेवटची फेरी.

सशुल्क साइटपैकी रूट्सआयर्लंडचं बळ परगण्यांच्या केंद्रांनी केलेल्या वाचनात आहे. स्थानिक आडनावं ओळखणाऱ्यांनी वाचल्यामुळे चुका कमी असतात, आणि फक्त आईबापांची नावं देऊन सगळी मुलं काढता येतात. आधी तिथे आपल्या पॅरिशची वही समाविष्ट आहे का हे यादीत बघा, कारण सगळ्या नाहीत. मग एकच महिन्याची वर्गणी घ्या, सगळे प्रश्न आधी कागदावर लिहून. कुठल्याही साइटची वर्गणी मुदत संपल्यावर आपोआप पुढे चालू राहत असेल तर ती सोय पहिल्याच दिवशी बंद करून ठेवा. वाचलेली प्रत्येक नोंद लायब्ररीच्या मोफत पानाशी ताडून बघायची, त्याला पर्याय नाही.

काही जण हे सगळं नागरिकत्वासाठी करतात, त्यांच्यासाठी दोन ओळी. आजी किंवा आजोबा आयर्लंड बेटावर जन्मले असतील तर परदेशी जन्मनोंदवहीत नाव घालता येतं. पणजोबा असतील तर तुमच्या जन्माआधी आई किंवा वडिलांनी ती नोंद केलेली असावी लागते. त्या अर्जाला साइटवरून उतरवलेलं छायाचित्र चालत नाही. त्यावरून वर्ष, जिल्हा, खंड आणि पान टिपून नोंदणी कार्यालयाकडून अधिकृत दाखला मागवावा लागतो.