जुन्या घराचं स्ट्रक्चरल ऑडिट, लय समाधान झालं

आमचं कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतलं घर जुनं, मातीच्या भिंतींचं, २०१९ आणि २०२१ दोन्ही पुरात पंचगंगेचं पाणी आत आलेलं, त्यामुळं घर किती मजबूत राहिलंय ते तपासायला शेवटी एका इंजिनिअरिंग कन्सल्टन्सीला बोलावलं. दोन पोरं आणि एक मॅडम आल्या, भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवून गेल्या, म्हणजे भेग वाढली की काच तडकते आणि कळतं. गवंड्यानं सिमेंटचा गिलावा सांगितलेला, त्यांनी स्पष्ट नको म्हटलं, ओल आतच कोंडते आणि माती भुसभुशीत होते, चुन्याचाच करा. हे आधी कोणीच बोललं नव्हतं!

रिपोर्ट मात्र दहा दिवस उशिरा, फोन पण उचलत नव्हते, तेवढ्यासाठी एक स्टार कमी.

पण नंतर कळलं, त्यांचा स्टाफ महिन्यातला एक शनिवार शिरोळ तालुक्यातल्या शाळांच्या पुरात सापडलेल्या इमारती फुकट तपासतो, आणि तो दिवस त्यांना पगारी सुट्टी म्हणून धरतात. कारखान्याच्या मशीनचं फाउंडेशन, पूल, गुऱ्हाळाची शेड, सगळी कामं करतात, म्हणूनच असेल, पोरांना माती आणि पाणी दोन्ही कळतं. फी वाजवी वाटली. पेठेत जुनं घर असेल तर पावसाळ्याआधी दाखवून घ्याच.